कूलर बंद करून पाहा

आमच्या घराचा आधीचा मालक सामान हलवत होता, त्या दिवशी मी पेढ्यांचा डबा घेऊन गेले होते. टेम्पोत पलंग चढला, कपाट चढलं, आणि मग माणसं हॉलच्या खिडकीतला तो मोठा कूलर काढू लागली. मी म्हटलं, "हा पण?" मालक म्हणाला, "कूलर तं सामानात येते ना, ताई." कूलर निघाला आणि त्या खिडकीतून अमरावतीचं वैशाखातलं ऊन हॉलच्या मध्यापर्यंत आत आलं. त्या उन्हात मी माझं घर पहिल्यांदा नीट पाहिलं.

घर बघायला आम्ही अक्षयतृतीयेला गेलो होतो, दिवस चांगला म्हणून. बाहेर अंगाची लाही होत होती. मालकाने आम्हाला आत घेतलं ते थेट कूलरसमोर बसवलं. वाळ्याच्या ताट्या नव्याकोऱ्या, पाणी काठोकाठ, आणि तो वारा! त्याच्या बायकोने पन्ह्याचे ग्लास आणून दिले. सणाच्या दिवशी कोणाच्या घरी जाऊन वाकडंतिकडं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. तोंडून अभद्र निघू नये म्हणून माणसं तोंडच उघडत नाहीत. समोरच्या भिंतीवर देवाचा भलामोठा फोटो होता, ताजा हार घातलेला. आम्ही नवरा-बायकोने त्याला हात जोडले, पन्हं प्यायलो, "घर मस्त गार आहे हो" म्हटलं आणि होकार देऊन बाहेर पडलो. आम्ही घर पसंत केलंच नव्हतं, कूलर पसंत केला होता.

बाकीचं मग एकेक करून कळत गेलं. मालकाने फोटो उतरवून नेला तेव्हा त्याच्यामागे भेग निघाली, छतापासून खाली आलेली, बोट जाईल एवढी रुंद. म्हणजे आम्ही हात जोडले ते भेगेला. दर्यापूर रोडकडचं आमचं ले-आउट म्हणजे आधीचं कपाशीचं वावर, सगळी काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया खाली घट्ट मुरमापर्यंत नेला नसेल तर वरचं घर तिच्यासोबत हलत राहतं. आमचा नेलेला नव्हता. श्रावणात आमच्या बेडरूमचं दार लागत नाही आणि चैत्रात त्याच दाराची कडी जागेवर बसत नाही. बोअरचं पाणी खारं. त्या दिवशी तेच पन्ह्यात घातलं होतं, पण पन्ह्यात मीठ असतंच, कळणार कसं! पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी पाठ टेकली तर चटका बसतो. नवरा म्हणतो, "चालते. लोकायले तेवढंबी नसते." त्याला चालतं, मला चालत नाही. त्या टेम्पोच्या दिवसापासून मला एकच हवं आहे. हे घर कोणाच्या तरी गळ्यात मारायचं आणि ज्या घराची दारं बाराही महिने लागतात तिथे राहायला जायचं.

आता माझ्या बहिणीचं सांगते. ती धाकटी, अकोल्याला असते, शाळेत शिकवते. मला तिचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्हाला वाटायचं की मी फार समजूतदार आहे. आई एकाच ताग्यातून आम्हा दोघींना फ्रॉक शिवायची आणि तिचा नेहमी बरा बसायचा. तिने कधी माझ्यावर कुरघोडी केली असं नाही. तिला करावी लागलीच नाही. वय वाढलं की असलं सगळं निवतं म्हणतात. माझं काही निवलं नाही.

एका श्रावणात तिचा फोन आला.

"ताई, आमी घर पाहून राहिलो. एक आवडलं. तू येऊन पाह्य ना."

"मले काय समजते त्यातलं?"

"तुलेच तं समजते. तू फसली ना!"

वर म्हणाली, "तू हो म्हनशीन तं घेऊ. नाई म्हनशीन तं तो विषय तिथंच बंद." फोन ठेवला आणि मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. तिच्या घराचा निकाल माझ्या हातात होता, आणि खरं सांगायचं तर तो मी मनातल्या मनात लावूनही टाकला होता. माझी दारं लागत नसताना तिची का लागावीत?

अकोल्याच्या स्टँडवर ती घ्यायला आली. पाऊस रिपरिपत होता. ऑटोत मी तिला तयार केलं. म्हटलं, मालकाला घर कसं आहे ते विचारूच नको, तो छानच म्हणणार. त्याला हे हलवा, ते उघडा, हे बंद करा असं म्हणायचं. पाणी बोअरचं मागायचं, साधं, सरबत-चहा काही नाही. भिंतीवर जे जे टांगलेलं असेल ते उचलून मागे पाहायचं. रंग नवा असेल तर तो आत्ताच का दिला म्हणून विचारायचं. शेजारणीला वेगळं गाठून नळ किती दिवसांनी येतो ते काढून घ्यायचं, कारण मालकाचा नळ नेहमी कालच आलेला असतो. "आन् उन्हाळ्यात कधी गेलीस तं पयले कूलर बंद कराले लाव. कूलर मालक घेऊन जाते, भिंत आपल्यापाशी राहते." ती मान हलवत होती. शिक्षिका आहे, ऐकताना चेहरा असा ठेवते की समोरच्याला बोलतच राहावंसं वाटतं.

घराचे मालक म्हणजे एक रिटायर झालेले काका. मुलाकडे पुण्याला कायमचे चालले होते. काकू घरात सामान बांधत होत्या. मी आत शिरल्या शिरल्या बेडरूमचं दार लावून पाहिलं. लागलं. भर श्रावणात, एका बोटाने. मी ते परत उघडून परत लावलं. परत लागलं.

"पाया किती खोल हाये, काका?" मी विचारलं.

काकांचा चेहरा एकदम उजळला. "मुरूम लागेपर्यंत खोदला. ठेकेदार म्हने, बस झालं. मी म्हटलं, काळी दिसून राहिली तोपर्यंत खोद. सोता उभा होतो मी तिथं." मग जोत्यात किती मुरूम टाकला, तो कसा दाबून घेतला, घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरशीची पट्टी कशी केली, हे सगळं मला चिखलातून फिरवत दाखवलं. मी कॅलेंडर उचललं. मागे भिंत होती, नुसती भिंत, थोडी कमी मळलेली. मी पाणी मागितलं. काकूंनी बोअरचं आणून दिलं आणि ते गोड निघालं. अकोल्यात! आजूबाजूच्या चार गल्ल्यांत खारं आणि याच्याकडे गोड. अंगणातल्या टाक्याचं झाकण उघडायला लावलं, तर आत खालची फरशी दिसेल असं स्वच्छ पाणी. शेजारणीला गाठलं, तर ती म्हणे नळ रोज नाही येत, पण यांचं टाकं एवढं मोठं आहे की आम्हीच कधी कधी यांच्याकडून नेतो.

"उन्हाळ्याचं काय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "पश्चिमेकडून तपत असंन ना?"

"पश्चिमेले जिना घेतला आन् संडास-बाथरूम," काका म्हणाले. "म्हटलं, ऊन खाचं तं त्यायनं खावं. आपन काहून खावं?"

कोपऱ्यात चादरीखाली त्यांचा कूलर झाकून ठेवला होता. माझ्या माठापेक्षा जरा मोठा. एवढासा कूलर आणि त्यावर यांचा उन्हाळा निघतो! मी प्रत्येक प्रश्न माझ्या घरातल्या एकेका दुखण्यावरून विचारत होते आणि प्रत्येक दुखण्यावरचं औषध या माणसाने आधीच करून ठेवलं होतं. काका तर खूश होऊन गेले. काकूंना आत हाक मारून म्हणाले, "अवं, या ताई पाह्य कसे सवाल इचारून राहिल्या. आतापावतर एकानंबी पाया इचारला नाई. सारे टाइल्सच पायतेत." मला त्यांचा राग आला. एवढी माया माणसाने घरावर करावी आणि ते घर माझ्या बहिणीच्या हातात पडावं.

अंगणात बहिणीने मला बाजूला घेतलं. "काय म्हनतं, ताई? खरं सांग. तुह्या मनात जराबी काही असंन तं आत्ता निघू आपन."

तिचं तोंड पाहिलं तर ती माझ्या शब्दावर खरंच थांबली होती. नाही म्हणायला एक कारण पुरे होतं. मी डोक्यात सगळं घर पुन्हा फिरून आले. आणि कारण सापडलं की! "ओटा बुटका हाये," मी म्हटलं. "सैपाक करता करता कंबर जाईन तुही."

"बस? ओटाच ना? ओटा तं वाढवता येते!" तिने माझे दोन्ही हात धरले आणि तिथल्या तिथे डोळ्यांत पाणी आणलं. मी पायाची भेग, पाण्याचा खारेपणा, काहीतरी ठोकून देऊ शकले असते. पण मग उद्या दुसऱ्या कोणी तिथे राहायला जाऊन 'किती छान घर आहे' म्हटलं असतं, आणि घरातलं मलाच कळतं ही माझी एवढीच एक जागा, तीही गेली असती. म्हणून मी म्हटलं, "घे." परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी त्या घरात आणखी एखादी खोट शोधत होते. शेजारच्या बाईने भाजलेलं कणीस मोडून पुढे केलं, तेही घेतलं नाही.

मार्गशीर्षात वास्तुशांत झाली. ओटा वाढवला होता, वर काळा ग्रॅनाइट. आलू-वांग्याची भाजी, मठ्ठा, बुंदी, पंगतीवर पंगत उठत होती. मी वाढायला होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. मावशी म्हणाली, "काय घर शोधलं वं पोरी!" मामी म्हणाली, "हिले पहिल्यापासूनच पारख." मी मठ्ठ्याचं भांडं घेऊन तिथेच थांबले. आता म्हणेल, आता म्हणेल, ताईने पाहून दिलं. ती हसली आणि म्हणाली, "लय फिरलो आमी, मामी. सारं पाहून-सवरून घेतलं." एवढंच. मुद्दाम नसेल केलं, गर्दीत, घाईत सुचलं नसेल. पण मला तो मठ्ठा तिच्या ग्रॅनाइटवर ओतावासा वाटला.

घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं की येत्या उन्हाळ्यात हे घर विकायचं. काढायचं म्हणजे काढायचंच. तो म्हणाला, "उन्हाळ्यात काहून?" मी म्हटलं, "तुमाले नाही समजत." पावसाळ्यात आमचं घर स्वतःच सगळं सांगून टाकतं, त्याला बोलता येत नाही ते फक्त मे महिन्यात, कूलरच्या वाऱ्यापुढे. आम्ही आतून रंग दिला. भेग भरून घेतली. ती पहिल्याच उन्हाच्या तिरपीला पुन्हा उघडली, तेव्हा देवाचा एक भलामोठा फोटो आणला, हार घातला आणि तिच्यावर टांगला. कूलर असा घेतला की समोर बसलं तर केस उडतात. आधीच्या मालकाने जे जे केलं होतं ते ते सगळं मी केलं, आणि करताना मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

गिऱ्हाईक आलं ते एक तरुण जोडपं आणि मुलाची आई. मुलगी शिक्षिका, तिची बदली नुकतीच अमरावतीला झाली होती. टळटळीत दुपार, तिघांची तोंडं लालबुंद. मी त्यांना कूलरसमोर बसवलं. मुलीच्या सासूबाईंनी पदर सोडून डोळेच मिटले. मग उठून फोटोला हात जोडले आणि म्हणाल्या, "प्रसन्न वाटते हो तुमच्याकडं." माझ्या मनात तर नव्या घराची दारं लागायलाही लागली. मी पन्ह्याचे ग्लास पुढे केले.

"काकू," मुलगी म्हणाली, "कूलर जरासा बंद करता का?"

मला वाटलं थंडी वाजली असेल. बंद केला. तिने ग्लास खाली ठेवला. "आन् पन्हं राहू द्या. साधं पानी चालते. बोअरचं असंन तं."

नवऱ्याने मान वर केली. मी म्हटलं, "बोअर बंद पडला हाये, बाई, आज." तिने मान हलवली आणि भिंतीकडे पाहिलं. "रंग आत्ताच दिला का, काकू? हा फोटो जरा..."

"देवाचा फोटो हाये," मी घाईने म्हटलं. "आमी हलवत नाई."

सासूबाई माझ्या बाजूने धावल्या. "बरोबर हाये त्यायचं. देवाले कोनी हलवते का?" आणि मुलालाही म्हणाल्या की जागा चांगली, बाजार जवळ, आणखी काय पाहिजे. मुलगा मान हलवत होता. मुलगीही जरा मऊ पडली. हसून म्हणाली, "तसं नाई, काकू. राग नका मानू. आमच्या अकोल्याच्या शाळेत एक मॅडम होत्या, त्यायनं सांगतलं होतं असं असं इचारजा म्हनून. त्या म्हनत, कूलर मालक घेऊन जाते, भिंत आपल्यापाशी राहते."

माझं वाक्य. ऑटोत, रिपरिप पावसात बोललेलं, शब्द न् शब्द.

"हुशार असतीन मॅडम," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याने ओळखलं होतं. गप्प राहा, असं ते डोळे म्हणत होते. मी गप्प राहिलेही.

"हुशार म्हनजे?" मुलगी रंगात आली. "साऱ्या स्टाफले घर घ्याचं असलं की त्यायलेच नेतात. त्यायनं सोताचं घर तं असं पाहून घेतलं ना, का पायापासून मालकाले इचारलं. तो मालक म्हने, तुमच्यासारखं पाहनारं कोनी आलंच नाई."

हे मात्र मला सोसलं नाही. मठ्ठ्याचं भांडं हातात घेऊन मी जी थांबले होते, ती अजून तिथेच थांबलेली होते बहुतेक.

"तिनं इचारलं?" मी म्हटलं. "ती तं मागं उभी होती पदर सावरत! तिले काय समजते पाया? तिले सारं मी शिकवलं. बहीन हाये ते माही. धाकटी. पाया मी इचारला, पानी मी मागतलं, शेजारनीले मी गाठलं."

नवरा उठून उभा राहिला. "अवं..."

पण आता कोण थांबतंय! मुलगी अवाक होऊन माझ्याकडे पाहत होती आणि ते मला फार आवडलं. मी तिला म्हटलं की अर्धवट ऐकलंस तू, नुसता फोटो उचला म्हणून होत नाही. वरची बाजू पाहायची, भेग छताला जिथे भिडते तिथे, कारण खाली पुट्टी भरतात, वर कोणाचा हात पुरत नाही. काळ्या मातीतली भेग तिरपी जाते, ती अशी ओळखायची. आणि लोक देवाचाच फोटो लावतात, हे तुझ्या मॅडमने सांगितलं का? नाही ना सांगितलं? "असा धराचा दोन्ही हातानं," मी म्हटलं, "आन् असा उतरवाचा." आणि उतरवला.

हार घसरून खाली पडला. भेग वरून खालपर्यंत सगळ्यांसमोर उभी राहिली. बंद कूलरमधून पाणी ठिबकत होतं आणि पश्चिमेच्या भिंतीची धग आता पाठीला लागायला लागली होती. सासूबाईंनी मघाशी जोडलेले हात हळूच मांडीवर ठेवले. नवरा मटकन बसला.

मुलीने भेगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर टिंगल अजिबात नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

"मंग काकू," ती म्हणाली, "एवढं सारं समजते तुमाले, तं हे घर तुमी कसं घेतलं?"

फोटो माझ्या हातातच होता. तो मी सोफ्यावर ठेवला.

"कूलर सुरू होता, बाई," मी म्हटलं.